एक खिडकी, एक लेन्स आणि वहीतले एक वाक्य : छायाचित्रण आणि संपादन एकत्र शिकताना

उंबरठा

नमस्कार. छायाचित्रण आणि फोटोंचे संपादन छंद म्हणून शिकायला सुरुवात करून मला १४ महिने झाले. त्यातले पहिले काही महिने मी ज्या पद्धतीने घालवले ती पद्धत मला आता चुकीची वाटते. नंतर जी सापडली ती मात्र बरीच उपयोगी पडली आहे, म्हणून ती या चर्चेच्या धाग्यात सविस्तर मांडत आहे. जाणकारांनी तिच्यातल्या त्रुटी दाखवाव्यात अशी मनापासून विनंती आहे.

सुरुवातीला मी दिसेल त्याचे फोटो काढत होते. दोन महिन्यांत चार हजारांहून अधिक फोटो जमले, पण त्यातला एखादा चांगला का आला आणि दुसरा का बिघडला, हे मला सांगता येत नव्हते, कारण जागा, उजेड, विषय, अंतर आणि लेन्सची झूम असे सगळेच दर वेळी बदललेले असायचे. म्हणून बदलणाऱ्या गोष्टी कमी करायचे ठरवले. घरातली पूर्वेकडची एक खिडकी, तिच्याजवळचे टेबल आणि त्यावर त्या दिवशी जे काही असेल ते, एवढाच विषय घेतला. लेन्स एकच, ३५ एमएमची. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान आकाराचा असल्याने तिच्यातून फुल फ्रेमवरच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवरच्या) साधारण ५० एमएमच्या लेन्सइतकाच भाग दिसतो. आणि आठवड्याला फक्त ३६ फोटो, म्हणजे फिल्मच्या एका रोलमध्ये मावत तितकेच.

झूम नसल्याने पहिला धडा पायांनी शिकवला. झूम करून चित्र मोठे केले की जवळचे आणि दूरचे सारख्याच प्रमाणात मोठे होते. आपण स्वतः पुढे सरकलो की टेबलावरचा काचेचा तांब्या झपाट्याने मोठा होतो आणि मागची खिडकी जवळपास तेवढीच राहते. वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते लेन्सवर अवलंबून नसते, उभे राहण्याच्या जागेवर असते, ही गोष्ट मी आधी वाचली होती, पण ती मला खिडकीजवळ पुढे-मागे सरकतानाच कळली.

या टप्प्यावर माझी एक ठाम समजूत होती की कॅमेऱ्यातून येतो तोच खरा फोटो आणि संपादन म्हणजे त्यात केलेली लबाडी. त्यामुळे मी जेपेगमध्येच (कॅमेऱ्याने स्वतः तयार करून दिलेल्या फाइलमध्येच) काम करत होते आणि संगणकावर काहीही बदलत नव्हते. ही समजूत एका सकाळी मोडली. कोवळे ऊन टेबलावर आडवे आले होते, भिंत मधासारखी पिवळसर झाली होती, आणि त्याच पिवळेपणासाठी मी कॅमेरा उचलला होता. फोटोत भिंत अगदी पांढरी आली. व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवणे) ऑटोवर असल्याने कॅमेऱ्याने ती ऊब दोष समजून काढून टाकली होती. त्याच आठवड्यात पांढऱ्या पडद्याचा फोटो राखाडी आला, कारण कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य मध्यम राखाडीच्या आसपास आहे असे धरून चालतो आणि पांढऱ्याने भरलेली चौकटही तो राखाडीकडे ओढतो. त्यासाठी एक ते दीड स्टॉप (उजेड मोजण्याचे एकक) एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, वाढवून द्यावे लागते. मग लक्षात आले की संपादन न केलेला फोटो मी कधी काढलाच नव्हता. रंग, कॉन्ट्रास्ट, धार, डाग पुसणे हे सगळे माझ्याऐवजी कॅमेरा ठरवत होता, आणि त्याने ते ठरवताना मला काय दिसले होते हे त्याला ठाऊक नव्हते.

रॉ फाइलकडे (सेन्सरने नोंदवलेल्या, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलकडे) वळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. सॉफ्टवेअरमधली प्रत्येक पट्टी ओढून पाहिली. सावल्या उचलल्या (उजळल्या), क्लॅरिटी (कडांचा उठाव) वाढवली, रंग गडद केले. त्या रात्री फोटो अतिशय प्रभावी वाटत. आठवड्याने पाहिले की वस्तूंच्या कडांभोवती पांढरट वलये दिसत, सावल्यांमध्ये रंगीत ठिपके दिसत, आणि खिडकी कुठल्या वेळची आहे हेच कळत नसे. बिघाड पट्ट्यांमध्ये नव्हता. कुठे थांबायचे हे ठरवायला माझ्याकडे काही मापच नव्हते.

ते माप मला वहीतून मिळाले. आता फोटो काढताना, शटर दाबण्याच्या आधी किंवा लगेच नंतर, मी एक वाक्य लिहिते : मी नेमके काय पाहून थांबले. ‘तांब्यातल्या पाण्यातून आलेला उजेड टेबलावर थरथरत आहे, बाकी सगळे त्यापुढे मंद आहे.’ किंवा, ‘खुर्चीची पाठ आणि तिची सावली यांतली जास्त भरीव कोणती हे कळत नाही.’ संपादन मी दोन दिवसांनी करते, आणि वाक्य समोर ठेवूनच करते. पहिल्या वाक्यासाठी टेबलाचा तो तुकडा सोडून बाकीचे अर्ध्या स्टॉपने खाली घ्यावे लागले. दुसऱ्यासाठी सावल्या उचलायच्या नव्हत्या, उलट त्या काळ्याच ठेवायच्या होत्या. वाक्य पूर्ण झाले की मी हात थांबवते.

यातून झालेला मोठा फायदा असा, की संपादन करताना जे जमले नाही ते मला पुढच्या वेळी कॅमेऱ्यात काय करायचे ते सांगू लागले. खिडकी पूर्ण पांढरी जळाली असेल तर ती संगणकावर परत येत नाही, हे तीनदा अनुभवल्यावर मी चौथ्यांदा एक्स्पोजर आधीच कमी केले. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकता येतील असे मला आता वाटत नाही.

आपले अनुभव, आणि विशेषतः मतभेद, वाचायला आवडतील.

कृष्णधवल

आपला अनुभव फार आपुलकीने वाचला. मी बरीच वर्षे डार्करूममध्ये कृष्णधवल प्रिंट काढले आहेत, त्यामुळे ‘संपादन म्हणजे लबाडी’ ही समजूत डिजिटल काळातच इतकी का पसरली, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. निगेटिव्हवरून सरळ काढलेला प्रिंट हा आमच्यासाठी काम सुरू करण्याचा कागद असे. आधी एका कागदाच्या पट्टीवर वेगवेगळ्या सेकंदांचा उजेड देऊन चाचणी घ्यायची, मग पूर्ण प्रिंट, मग त्या प्रिंटवर पेन्सिलीने नकाशा काढायचा : या कोपऱ्याला आणखी ८ सेकंद, चेहऱ्यावर ३ सेकंद हात आड धरायचा. उजेड अडवला की कागदावरचा तो भाग फिकट राहतो, त्याला डॉजिंग म्हणत. जादा उजेड दिला की तो गडद होतो, त्याला बर्निंग म्हणत. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच दोन नावे आहेत, आणि डॉज टूलचे चित्र काठीला लावलेल्या गोल पुठ्ठ्याचे असते, कारण आम्ही खरोखरच तारेला पुठ्ठा लावून तो उजेडात हलवत ठेवत असू. हलवायचा एवढ्यासाठी की त्याची कड उमटू नये. सॉफ्टवेअरमध्ये मास्कची (बदल ठरावीक भागापुरता ठेवणाऱ्या आवरणाची) कड मऊ करणे हे तेच काम आहे.

अनशार्प मास्क या नावाने नवीन मंडळी गोंधळतात, कारण धार वाढवणाऱ्या साधनाला ‘धूसर’ असे नाव का, हे कळत नाही. मूळ पद्धतीत निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हला जोडून प्रिंट काढत असत. धूसर प्रत मोठे उजेड-अंधाराचे फरक दाबून टाकते आणि बारीक कडा त्या मानाने उठून दिसतात. संगणक आज हेच गणिताने करतो, आणि आपण जी पांढरट वलये पाहिलीत ती या धूसर प्रतीची त्रिज्या आणि जोर जास्त झाल्याचे लक्षण आहे. क्लॅरिटीची पट्टीसुद्धा पुष्कळशी मोठ्या त्रिज्येच्या अशाच प्रक्रियेच्या जवळ जाते.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा जो फोटो घेतला, त्याचे सुरुवातीचे आणि कित्येक दशकांनंतरचे प्रिंट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. निगेटिव्ह एकच आहे. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिकट रेघा दिसतात आणि नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळे होत गेले आहे. आपल्या वहीतले वाक्य आयुष्यभर तेच राहील असे धरून चालू नका, एवढेच यावरून सुचवतो.

प्रथमचरण

माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त फोन आहे. अशा पद्धतीने शिकण्यासाठी कॅमेरा घेणे आवश्यक आहे का? की फोनवर सुरुवात केली तर सवयी बिघडतात?

उंबरठा

@प्रथमचरण, जरूर फोनवरच सुरू करावे. एकच जागा, मोजके फोटो आणि एक वाक्य, यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. फक्त फोनचे दोन स्वभाव लक्षात ठेवावेत. बहुतेक फोनचे अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचे छिद्र) बदलत नाही, त्यामुळे उजेडाचा हिशेब शटरचा वेग आणि आयएसओ (मिळालेला उजेड कितपत वाढवून दाखवायचा तो आकडा) या दोघांवरच चालतो. आणि एक फोटो म्हणून जे दिसते ते अनेकदा पाठोपाठ घेतलेल्या अनेक चौकटी एकत्र करून बनवलेले असते. फोन सावल्या उचलतो, आकाश आवरतो, ठिपके पुसतो. माझ्या जेपेगच्या बाबतीत झाले तेच इथे जास्त प्रमाणात होते. आपल्या फोनमध्ये रॉ फाइल साठवण्याची सोय असेल तर एकाच दृश्याचे दोन्ही प्रकारे फोटो घेऊन शेजारी ठेवावेत. नुसते ते पाहूनच पुष्कळ शिकायला मिळते. पडद्यावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण आपोआप आलेला उजेड बहुधा गरजेपेक्षा जास्त असतो.

मोजपट्टी

वाक्याची कल्पना चांगली आहे, परंतु केवळ तिच्यावर विसंबून राहिलात तर काही चुका कधीच कळणार नाहीत, म्हणून तांत्रिक बाजू थोडी विस्ताराने मांडतो.

स्टॉप हा शब्द धाग्यात सहज आला आहे, पण नव्याने शिकणाऱ्याने तो आधी हाडीमाशी रुजवावा, कारण पुढचा सगळा हिशेब याच एका एककात होतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटर १/१२५ वरून १/२५० केले की एक स्टॉप गेला. आयएसओ २०० वरून ४०० केला की फोटो एका स्टॉपने उजळला. अ‍ॅपर्चरची १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही मालिका विचित्र वाटते, कारण प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट नसून सुमारे १.४ पट आहे. छिद्राचा व्यास तितक्या पटीने लहान झाला की त्याचे क्षेत्रफळ निम्मे होते, आणि उजेड क्षेत्रफळातून येतो. भर उन्हात एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा, म्हणजे आयएसओ १०० ला सुमारे १/१००, हा जुना नियम प्रकाशमापक बंद ठेवून तपासून पाहावा. तो जुळतो हे स्वतः पाहिले की आकड्यांची भीती जाते.

दुसरा मुद्दा सावल्यांतील ठिपक्यांचा. पुष्कळांना वाटते की जास्त आयएसओ हे ठिपक्यांचे कारण आहे. मुख्य कारण कमी उजेड हे आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांच्या संख्येत स्वाभाविक चढउतार असतो. तो संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एखाद्या पिक्सेलवर १०,००० कण आले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० कणच आले तर १० चा, म्हणजे १० टक्के. सावलीत कण कमी असतात, म्हणून तिथला आवाज (इंग्रजीत नॉइज, म्हणजे ठिपक्यांच्या रूपात दिसणारा हा चढउतार) उजेडाच्या मानाने मोठा असतो, आणि पट्टी ओढून सावली उजळली की चित्राबरोबर तो आवाजही उजळतो. आयएसओ वाढवल्याने आवाज निर्माण होत नाही. आयएसओ वाढवला की तोच उजळपणा राखण्यासाठी कॅमेरा शटर किंवा अ‍ॅपर्चरमधून कमी उजेड आत घेतो, आणि खरा तोटा तिथे होतो. म्हणून जिथे हालचाल नाही, म्हणजे आपल्या टेबलासारखा विषय असेल, तिथे तिवई लावून शटर लांबवावे आणि आयएसओ सर्वांत कमी ठेवावा.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या मिळतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सेन्सर उजेड सरळ प्रमाणात नोंदवतो, त्यामुळे सर्वांत उजळ स्टॉपलाच यातल्या निम्म्या पायऱ्या जातात, त्याखालच्याला चौथाई, आणि असेच खाली. यावरून निष्कर्ष असा की खिडकी जळणार नाही इतपत, पण त्याच्या अगदी जवळ जाईल एवढा उजेड घ्यावा आणि नंतर संगणकावर खाली आणावा. उंबरठा यांनी ‘एक्स्पोजर आधीच कमी केले’ असे लिहिले आहे. किती कमी करायचे हे हिस्टोग्रामवर (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखावर) पाहूनच ठरवावे, अंदाजाने नव्हे. त्यातही एक मेख आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉ फाइलचा नसून कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगचा असतो. म्हणून तिथे उजव्या कडेला थोडे कापले गेल्यासारखे दिसले तरी रॉमध्ये बहुधा काही जागा शिल्लक असते. ती किती, हे प्रत्येकाने आपल्या कॅमेऱ्यावर पांढऱ्या पडद्याचे फोटो एक तृतीयांश स्टॉपने वाढवत नेऊन एकदा शोधून ठेवावे.

निळीवेळ

मला वहीतल्या वाक्याबद्दल मूलभूत शंका आहे, आणि आपण मतभेद मागितले आहेत म्हणून स्पष्ट लिहिते. मी रस्त्यावरचे, माणसांचे फोटो काढते. तिथे वाक्य लिहायला वेळ नसतो हा भाग वेगळा, पण माझे जे थोडे फोटो मला स्वतःला आवडतात त्यांत मला न दिसलेले काहीतरी आहे. एका फोटोत मी चालत्या बाईच्या ओढणीसाठी शटर दाबले होते. घरी आल्यावर दिसले की मागच्या काचेत एक मुलगा तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत आहे. मी जर ‘ओढणी’ असे वाक्य लिहून त्याच्याशी इमान राखले असते, तर काच गडद करून तो मुलगा पुसून टाकला असता. कॅमेरा आपल्यापेक्षा जास्त पाहतो, आणि नंतर त्या जास्तीच्या गोष्टींपैकी काय ठेवायचे हे ठरवणे हेच मला संपादनाचे खरे काम वाटते. इंग्रजीत या निवडीलाही एडिटिंगच म्हणतात हे विसरायला नको. ३६ फोटोंतला कोणता ठेवायचा हा निर्णय पट्ट्या ओढण्याच्या आधीचा आणि त्याहून कठीण असतो.

कृष्णधवल

निवडीबद्दल निळीवेळ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आम्ही रोल धुतला की सगळ्या ३६ चौकटी एकाच कागदावर निगेटिव्हच्या आकारात छापून घेत असू. त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत. भिंगाने पाहायचे, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि शक्यतो कागद आठ-दहा दिवस बाजूला ठेवून पुन्हा पाहायचा. पहिल्या दिवशीच्या खुणांपैकी निम्म्या तरी माझ्या दुसऱ्या वेळी खोडल्या जात. आजही सॉफ्टवेअरमध्ये लहान आकारात सगळे फोटो एकत्र पाहण्याची सोय असते, आणि माझा आग्रह आहे की पहिली निवड त्याच आकारात करावी. लहान आकारात तपशील दिसत नाही, रचना दिसते. आणि रचना लंगडी असेल तर तपशील तिला सावरू शकत नाही.

उंबरठा

@निळीवेळ, आपला आक्षेप मी दोन दिवस मनात घोळवला. माझा विषय स्थिर आहे आणि मी त्याच्यापुढे अर्धा तास उभी राहू शकते, म्हणून पाहणे आधी आणि फोटो नंतर हा क्रम मला परवडतो, हे मान्य करायला हवे. आपल्या प्रतिसादानंतर मी वहीत दुसरा रकाना आखला आहे. पहिल्यात फोटो काढतानाचे वाक्य, दुसऱ्यात दोन दिवसांनी फोटो पडद्यावर पाहून, पट्टीला हात लावण्याआधी लिहिलेले वाक्य. गेल्या तीन आठवड्यांतल्या १०८ फोटोंपैकी मी १४ ठेवले. त्यातल्या ९ फोटोंची दोन्ही वाक्ये जुळतात, आणि ५ फोटोंची जुळत नाहीत. न जुळणाऱ्या पाचांपैकी तीन फोटो मला जास्त आवडले आहेत. तेव्हा आपले म्हणणे माझ्या खिडकीलाही लागू पडते. तरी पहिला रकाना मी सोडणार नाही, कारण तो नसता तर वाक्ये जुळली नाहीत हेच मला कळले नसते.

@मोजपट्टी, पांढऱ्या पडद्याची चाचणी घेतली. माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, भाग जळाल्याची धोक्याची खूण दिसू लागल्यानंतरही रॉमध्ये दोन तृतीयांश स्टॉप शिल्लक असतो. ही माहिती मला चौदा महिने आधी असती तर किती सकाळी वाचल्या असत्या.

सावकाश

मी येथे नवीन आहे. कोणत्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी आणि त्यातली कोणती साधने आधी शिकावीत, हे कोणी सांगेल का? सगळे एकदम उघडले की गोंधळ होतो.

मोजपट्टी

@सावकाश, रॉ फाइलसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहेत; लेयर (चित्राचे एकावर एक थर) लावून काम करायचे असेल तर गिंप आहे. लाइटरूम आणि फोटोशॉप वापरणारे जास्त असल्याने त्यांच्यावरचे मार्गदर्शन सहज सापडते. तत्त्वे सगळीकडे तीच आहेत, त्यामुळे निवडीत फार वेळ घालवू नये. फोनवर स्नॅपसीड पुरेसे आहे.

साधनांबाबत माझा सल्ला असा की पहिले तीन महिने क्रॉप, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर आणि टोन कर्व्ह (कोणती छटा किती उजळ दिसावी हे ठरवणारी रेषा) एवढ्या चौघांतच राहावे. कर्व्ह सुरुवातीला अवघड वाटते, पण कॉन्ट्रास्ट, हायलाइट, शॅडो या पट्ट्या तिच्याच सोप्या केलेल्या वाटा आहेत. रेषेचा मधला भाग उभा केला की मधल्या छटांत फरक वाढतो आणि त्याची किंमत दोन्ही टोकांना मोजावी लागते, कारण तिथे रेषा आडवी होते आणि छटा एकमेकींत मिसळतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कोणतीही पट्टी फुकट काही देत नाही हे पटते. व्हाइट बॅलन्स रॉमध्ये नंतर हवा तसा बदलता येतो, तरीही कॅमेऱ्यात तो ५५०० केल्व्हिनच्या (उजेडाचा रंग मोजण्याच्या एककाच्या) आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडावर पक्का करून ठेवावा. मग सकाळचा पिवळेपणा आणि सावलीतला निळेपणा फोटोत जसा पडेल तसा दिसतो आणि उजेडाचा रंग ओळखण्याची नजर तयार होते.

उंबरठा

त्यात मी एकच भर घालते, स्वतःच्या चुकीतून आलेली. रॉ फाइलवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल बदलत नाही. आपण केलेले बदल सूचनांच्या स्वरूपात कॅटलॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) किंवा शेजारच्या छोट्या फाइलमध्ये साठतात. मी फक्त फोटोंची प्रत काढून ठेवत होते, कॅटलॉगची नाही. डिस्क बिघडली तेव्हा सगळे फोटो परत मिळाले आणि चार महिन्यांचे संपादन गेले. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम कॅटलॉगसकट पाळावा.

निळीवेळ

एक विचारायचे राहिले. आपण प्रिंट काढता का? पडद्यावर पूर्ण वाटलेले फोटो छापून आले की माझ्याकडे नेहमी अंधारलेले येतात.

मोजपट्टी

बहुधा पडदा फार उजळ ठेवलेला असतो. पडदा स्वतः प्रकाश टाकतो आणि कागद खोलीतला प्रकाशच परत देतो, त्यामुळे उजळ पडद्यावर आपण नकळत फोटो गडद करून ठेवतो. छपाईसाठी काम करताना पडद्याची तेजस्विता चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या दरम्यान आणावी, शक्य असल्यास कॅलिब्रेशनचे (पडद्याचे रंग तपासून जुळवणारे) उपकरण लावावे, आणि खोलीतला उजेड रोज सारखा ठेवावा. फाइल कोणत्या रंगक्षेत्रात (कलर स्पेस, म्हणजे फाइलमधल्या रंगांचा ठरलेला आवाका) द्यायची हे छापणाऱ्याला आधी विचारावे. उत्तर न मिळाल्यास एसआरजीबी सुरक्षित आहे.

उंबरठा

@निळीवेळ, गेल्या आठवड्यात पहिल्यांदा काढला. ‘खुर्चीची पाठ आणि तिची सावली’ हाच फोटो निवडला. १० बाय ८ इंचाला ३०० पिक्सेल प्रति इंच धरून ३००० बाय २४०० पिक्सेल लागतात, म्हणजे माझ्या २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून क्रॉप करूनही पुष्कळ उरले. पहिला प्रिंट आपण म्हणता तसाच अंधारलेला आला आणि सावली व खुर्ची मिळून एकच काळा डाग झाला. पडद्याची तेजस्विता कमी करून दुसरा काढला, त्यात सावली खुर्चीपासून सुटली, पण भिंत फिकी पडली. मग कृष्णधवल यांनी सांगितले होते तसे त्या दुसऱ्या प्रिंटवरच पेन्सिलीने नकाशा काढला : भिंतीचा उजवा वरचा कोपरा पाव स्टॉप खाली, खुर्चीच्या पाठीची कड किंचित वर, सावलीला हात लावायचा नाही. तिसरा प्रिंट वहीत त्या वाक्याच्या समोरच्या पानावर चिकटवला आहे, आणि नकाशा काढलेला दुसरा त्याच्या मागे ठेवला आहे.